वाचकांचे प्रश्न : कोकणातील पायवाटा आणि हलके गेटर्स

पावसाळ्यानंतरच्या भटकंतीसाठी कपडे कसे निवडावेत, याविषयी गेल्या अंकातील या सदरात लिहिले होते. त्यात गेटर्सचा, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत चढवायच्या कापडी आवरणाचा, उल्लेख जेमतेम एका वाक्यात आला होता. त्या वाक्यावर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी इतके नेमके प्रश्न विचारले आहेत की या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. गेटर्सविषयी उपलब्ध असलेली बरीचशी माहिती बर्फात किंवा कोरड्या वाळवंटी प्रदेशात चालणाऱ्यांसाठी लिहिलेली असते. आपल्याकडचा जांभा दगड, गवताची टोचणारी कुसळे, जळवा, चिखल आणि दमट हवा यांचा विचार तिच्यात नसतो, म्हणून उत्तरे देताना या गोष्टी सतत डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

प्रश्न : आम्ही मित्र दरवर्षी दिवाळीनंतर खेड तालुक्यातील रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड असे तिन्ही किल्ले सलग करतो. गवत त्या सुमारास वाळू लागलेले असते आणि तासाभरात मोजे कुसळांनी भरून जातात. बाजारात गुडघ्यापर्यंत येणारे जाड गेटर्स आणि घोट्यापुरते पातळ, ताणणारे गेटर्स असे दोन्ही प्रकार मिळतात. आम्ही कोणते घ्यावेत? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या दोन्ही प्रकारांपैकी एकही तुमच्या वाटेसाठी योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण कुसळाच्या रचनेत आहे. कुसळाचे एक बी हातात घेऊन नीट पाहा. त्याचे खालचे टोक अणकुचीदार असते, टोकाच्या वर मागे वळलेले ताठ केस असतात आणि दुसऱ्या बाजूला पीळ भरलेली लांब, काळपट शेपटी असते. ओलावा लागला की ही शेपटी पीळ सोडते आणि वाळली की पुन्हा पीळ घेते. या फिरण्यामुळे बी मातीत आत आत जाते आणि मागे वळलेल्या केसांमुळे ते परत बाहेर येऊ शकत नाही. मातीत रुजण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय घामाने ओलसर झालेल्या मोज्यातही तितकीच उत्तम चालते. म्हणूनच मोज्यात शिरलेले कुसळ चालता चालता आपोआप त्वचेपर्यंत पोहोचते आणि ते उपटायला गेल्यास टोक आतच मोडते.

यावरून कापड कसे असावे हे ठरते. ताणणारे गेटर्स होजिअरीच्या कापडाचे असतात आणि त्या कापडाच्या फासांत कुसळाला शिरायला भरपूर जागा मिळते. मोज्यात भरणारी कुसळे मग गेटरमध्ये भरतात, एवढाच फरक पडतो. घट्ट विणीच्या, गुळगुळीत नायलॉनच्या पृष्ठभागावरून मात्र बहुतेक कुसळे घसरून जातात आणि जी अडकतात ती हाताने झटकता येतात. म्हणून गेटर घेताना कापडावरून नख फिरवून पाहावे. नख कुठेही न अडकता सरकले पाहिजे.

जाड गेटर्स मुख्यतः बर्फासाठी आणि सततच्या ओल्या थंडीसाठी बनवलेले असतात. त्यांना आतून जलरोधक थर दिलेला असतो आणि गुडघ्यापर्यंतच्या अशा जोडीचे वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरते. पायावर वागवलेले वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते, त्यामुळे ते पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा जास्त थकवते. त्याहून मोठी अडचण घामाची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात, सुमारगडाच्या चढावर, जलरोधक थराच्या आत पोटरीला सुटलेला घाम बाहेर पडत नाही. तो खाली उतरून मोजे भिजवतो, ओल्या मोज्यात फोड लवकर येतात, आणि ज्यांना गजकर्णाचा त्रास आहे त्यांना तो हमखास उलटतो.

तेव्हा तुमच्यासाठी पोटरीच्या मध्यापर्यंत येणारे, जलरोधक थर नसलेले, घट्ट विणीच्या पातळ नायलॉनचे गेटर्स योग्य ठरतील. शंभर-दीडशे ग्रॅमच्या आत अशी जोडी मिळू शकते. ते पुढून वेलक्रोने उघडणारे असावेत. कोकणात वाटेवर देवराई लागते, ग्रामदेवतेचे देऊळ लागते आणि तिथे बूट काढावेच लागतात. पुढून उघडणारा गेटर बुटाची नाडी सोडण्याआधी एका हाताने सुटतो, तर मोज्यासारखा चढवायचा गेटर घालण्यासाठी बूट आधीच काढलेला असावा लागतो आणि प्रत्येक थांब्यावर सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. वेलक्रोचा दोष असा की त्याच्या खरखरीत बाजूत कुसळे आणि चिखल भरला की तो धरत नाही. जुना टूथब्रश पिशवीत ठेवल्यास जेवणाच्या थांब्यावर तो दोन मिनिटांत साफ होतो.

गेटर बुटाला तीन ठिकाणी धरलेला असतो. पुढचा हूक नाडीत अडकतो, वरची कड इलॅस्टिकने किंवा बंदाने पोटरीवर बसते आणि एक पट्टा तळव्याखालून जातो. यांतला तळव्याखालचा पट्टा जांभ्यावर सर्वांत आधी झिजतो. ज्या बुटाच्या टाचेपुढे खोलगट कमान आहे, त्या कमानीत पट्टा जमिनीपासून थोडा वर राहतो आणि बराच टिकतो. सपाट तळाच्या कॅनव्हास बुटांत मात्र तो प्रत्येक पावलाला दगडावर घासतो. म्हणून पट्टा बदलता येणारा आहे ना, हे विकत घेतानाच पाहावे आणि सोबत नायलॉनची हातभर दोरी ठेवावी. पट्टा तुटल्यास तीच दोरी कमानीतून घेऊन बांधता येते. गेटर घालताना बक्कल आणि बंदांची टोके पायाच्या बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत. ती आतल्या बाजूला राहिली तर दुसऱ्या पायाच्या बुटात अडकतात, आणि उतारावर तसे अडकणे धोक्याचे असते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. हिवाळ्यात आम्ही सातवी-आठवीच्या मुलांना सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पे पाहायला नेतो. आमच्या भागात फुरसे पुष्कळ आहे. पालकांनी सुचवले आहे की शाळेने सर्व मुलांसाठी हलके गेटर्स विकत घ्यावेत, म्हणजे सर्पदंशाची भीती राहणार नाही. हा खर्च योग्य ठरेल का? (एक शिक्षिका, राजापूर)

उत्तर : सर्पदंशापासून संरक्षण हा उद्देश असेल, तर हा खर्च कृपया करू नये. पालकांच्या काळजीचा मला पूर्ण आदर आहे, तरीही हे निःसंदिग्धपणे सांगणे भाग आहे. हलक्या गेटरचे कापड मिलिमीटरच्या अंशाएवढे जाड असते आणि फुरशाचे विषदंत त्यातून सहज आरपार जातात. सापांसाठी म्हणून जे गेटर्स बनवले जातात त्यांत अतिशय जाड नायलॉनचे अनेक थर किंवा कडक प्लास्टिकचे पत्रे असतात. ते जड असतात, गरम होतात आणि मुलांच्या मापात सहसा मिळत नाहीत. हलका गेटर घातल्यामुळे आपण सुरक्षित आहोत अशी मुलांची समजूत झाली आणि ती बेधडक गवतात शिरली, तर गेटर नसताना होता त्यापेक्षा जास्त धोका निर्माण होईल.

फुरसे आकाराने लहान असते, बहुधा हात-दीड हाताच्या आतले. ते जांभ्याच्या रंगात मिसळून जाते आणि दिवसा दगडाखाली, सपाटीवरच्या कपारीत किंवा गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाच्या, फटीत बसते. डिवचले गेल्यास अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते खरखर आवाज करते आणि फार चपळाईने झेप घेते. त्यामुळे मुलांना शिकवायच्या गोष्टी सरळ आहेत. दगड उचलून पाहायचा नाही. गडगा ओलांडताना जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथे हात ठेवायचा नाही. बसण्यापूर्वी जागा काठीने ठोकून पाहायची. पायवाट सोडून गवतात पाय टाकायचा नाही, आणि अंधार पडण्यापूर्वी सड्यावरून खाली उतरायचे. घोटा झाकणारा बूट आणि जाड कापडाची सैल विजार यांचा उपयोग पातळ गेटरपेक्षा जास्त होतो, कारण सैल कापडावर झालेला दंश कधी कधी कापडातच जिरतो. तेवढ्यावरही विसंबून चालणार नाही, पाय पाहून टाकणे हाच खरा उपाय आहे.

दंश झालाच, तर पुढची मिनिटे कशी वापरायची हे सोबतच्या प्रत्येक शिक्षकाला पाठ असले पाहिजे. मुलाला खाली बसवून धीर द्यावा आणि चालू देऊ नये. दंश झालेल्या पायातील बूट, मोजा, गेटर, पैंजण असे जे काही घट्ट असेल ते ताबडतोब काढावे, कारण सूज चढल्यावर ते आवळते आणि काढता येत नाही. हाड मोडल्यावर बांधतो तसा पाय काठीच्या आधाराने सैल बांधून स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, चोखणे, बर्फ लावणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, म्हणून साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नसते.

फुरशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुरुवातीला पायावर फारसे काही दिसत नाही आणि घरचे लोक निर्धास्त होतात, पण हे विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवते आणि त्याचे परिणाम काही तासांनी उघड होऊ शकतात. म्हणून डॉक्टर थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते का ते पाहतात आणि ही चाचणी पुन्हा पुन्हा करतात. मूल बरे दिसते म्हणून त्याला लवकर घरी नेण्याचा आग्रह धरू नये. सहलीच्या आदल्या दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून प्रतिविष आहे की नाही याची चौकशी करणे, हा मुलांसाठी गेटर्सच्या किमतीपेक्षा कितीतरी मोलाचा बंदोबस्त आहे, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

सहलीत रात्रीचा मुक्काम असेल, तर बूट आणि गेटर्स व्हरांड्यात उघडे टाकू नयेत. सकाळी ते घालण्यापूर्वी उलटे करून जोरात झटकावेत, कारण लाल विंचवाला लपायला अशी जागा फार आवडते. महाडला राहून विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले आहेत. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण उपचार उत्तम असला तरी मुलाला तिथवर वेळेत न्यावेच लागते.

कातळशिल्पांविषयी एक विनंती करतो. कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली आहेत. त्यांच्या रेषा उथळ आहेत आणि बुटांनी त्या झिजतात. मुलांना शिल्पावरून चालू देऊ नये, कडेने फिरवावे.

प्रश्न : पावसाळ्यात आंबोली आणि खालच्या रानांत आम्ही पक्षी आणि बेडूक पाहण्यासाठी फिरतो. जळवांसाठी गेटर्स वापरावेत की जळवांचे खास मोजे? मीठ आणि तंबाखूचा उपाय कितपत बरोबर आहे? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : जळवांसाठी खास मोजेच वापरावेत. गेटर बुटाच्या वरून बसतो आणि त्याची खालची कड कितीही घट्ट असली तरी बूट व गेटर यांच्यामध्ये फट राहतेच. भुकेली जळू इतकी बारीक असते की त्या फटीतून, नाडीच्या भोकातून आणि सैल विणीच्या साध्या मोज्यातूनही ती आत जाते. जळवांचा मोजा घट्ट विणीच्या सुती किंवा नायलॉनच्या कापडाचा, गुडघ्यापर्यंत शिवलेला असतो. तो साध्या मोज्यावरून, पण बुटाच्या आत घालायचा असतो आणि विजारीचा पाय त्यात खोचून वर नाडी बांधायची असते. म्हणजे जळू बुटात शिरली तरी तिला कापडावरूनच वर चढावे लागते आणि ती चढताना आपल्याला दिसते. मोजा फिकट रंगाचा असावा, तो एवढ्यासाठीच. कापड योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी ते दिव्यासमोर धरावे. उजेडाचे ठिपके मोकळे दिसले तर वीण सैल आहे असे समजावे.

आंबोलीत वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे तिथे मोजे कोरडे राहतील ही अपेक्षाच ठेवू नये. मोज्यावर चोळलेले मीठ, तंबाखूचे पाणी किंवा साबण जळवांना परतवतात हे खरे आहे, पण त्या पावसात ते अर्ध्या-पाऊण तासात धुऊन जातात आणि पुन्हा लावावे लागतात. शिवाय तुम्ही बेडूक पाहायला जाता. त्यांची त्वचा अतिशय नाजूक असते आणि तंबाखूचे किंवा औषधाचे पाणी ओहोळात उतरणे त्यांच्यासाठी घातक आहे. तेव्हा तुमच्यासारख्यांनी तरी केवळ मोज्यांवर भागवावे, असे मला मनापासून वाटते.

चिकटलेल्या जळूवर मीठ टाकणे किंवा तिला चटका देणे टाळावे, कारण ती सुटताना पोटातील द्रव जखमेत ओकू शकते. तिच्या बारीक तोंडाच्या बाजूने नख त्वचेवर सपाट सरकवावे, तोंड सुटले की दुसरे टोक सोडवावे आणि तिला दूर टाकावे. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो, त्यामुळे रक्त बराच वेळ झिरपत राहते. जखम साबणाने धुऊन स्वच्छ कापड दाबून धरावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जळवांच्या रानात जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. याच रानांत मलबारी चापडा हा विषारी सापही असतो. तो झुडपांच्या फांद्यांवर हाताच्या उंचीवर बसतो, म्हणून पाय कितीही झाकले असले तरी तोल सावरण्यासाठी फांदी धरताना आधी नजर टाकावी.

प्रश्न : पावसात शेताच्या बांधावरून आणि चोंढ्यातून चालताना गेटर्समुळे बुटात पाणी जाणार नाही ना? (एक वाचक, माणगाव)

उत्तर : जाईल. गेटर तळाला उघडाच असतो, त्यामुळे पाणी घोट्याच्या वर आले की ते खालून आणि नाडीवाटे आत येतेच. जलरोधक गेटर फार तर ओल्या गवताचे पाणी विजारीवरून बुटात उतरू देत नाही. भाताच्या खाचरातून चालायचे असेल तर गमबूट घालावेत. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. उंदीर आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, त्वचेवरच्या लहानशा जखमेवाटेही हा आजार होतो, म्हणून पायाला चीर किंवा फोड असताना अशा पाण्यात उतरू नये. पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांत ताप, डोळे लाल होणे आणि पोटऱ्यांत तीव्र दुखणे अशी लक्षणे दिसली, तर पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

प्रश्न : आमच्या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले होते. काजूच्या बागेत आणि रानात जाताना गोचिडांपासून गेटर्स वाचवतील का? त्यांवर कीटकरोधक औषध मारावे का? (एक वाचक, दोडामार्ग)

उत्तर : इथे हलक्या गेटर्सचा खरा उपयोग आहे. माकडताप पसरवणाऱ्या गोचिडांची पिल्ले एक-दोन मिलिमीटरांची असतात, ती पाचोळ्यातून आणि ठेंगण्या झुडपांवरून पायावर चढतात आणि विजारीच्या तळातून आत शिरतात. २०१६ साली तुमच्या तालुक्यात आणि त्यानंतर सावंतवाडी तालुक्यात या आजाराने लोक दगावले आहेत. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे नेमक्या काजूच्या हंगामात, ही पिल्ले सर्वांत जास्त असतात. विजार मोज्यात खोचून त्यावर फिकट रंगाचा, घट्ट विणीचा गेटर चढवला की गोचिडीचा आत शिरण्याचा मार्ग बंद होतो आणि ती कापडावर दिसते. दर तासाला एकमेकांचे पाय तपासावेत, आणि घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करावी.

औषधाविषयी एक खबरदारी आवश्यक आहे. बाजारातील अनेक मलमांत आणि फवाऱ्यांत डीट हे कीटकरोधक रसायन असते. ते नायलॉन, सुती आणि लोकरीच्या कापडाला अपाय करत नाही, परंतु लायक्रासारखे ताणणारे धागे आणि प्लास्टिकची बक्कले ते खराब करते. तेव्हा डीट नायलॉनच्या भागावर लावावे, इलॅस्टिकवर नाही. परमेथ्रिन हे औषध फक्त कापडावर मारण्यासाठी असते, त्वचेवर कधीही लावू नये, आणि ते ओले असताना मांजरांना अत्यंत विषारी असते, हे घरात मांजर असलेल्यांनी विसरू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात अंगाला लावण्याच्या तेलाची आणि तपासणीची चौकशी करावी. रानात मेलेले माकड दिसल्यास त्याच्या जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनविभागाला कळवावे.

गोचीड चिकटलेली आढळल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. ती चिरडू नये, तिच्यावर रॉकेल ओतू नये. त्यानंतरच्या पंधरवड्यात ताप आल्यास वाट पाहू नये.

प्रश्न : मी रोज सकाळी समुद्रकिनाऱ्यावर वेगाने चालते आणि पुढे खडकांवरून वळसा घेते. बुटात वाळू जाऊन बोटांना फोड येतात. (एक वाचक, गुहागर)

उत्तर : घोट्यापुरते, ताणणाऱ्या कापडाचे गेटर्स आपल्यासाठीच आहेत. पहिल्या उत्तरात मी ज्यांना नकार दिला, तेच इथे सर्वोत्तम आहेत, कारण वाळूला शिरायला फट लागते आणि ताणलेले कापड बुटाभोवती फट ठेवत नाही. जोडीचे वजन साधारण ५० ग्रॅमच्या आसपास असते. त्यांना तळव्याखालचा पट्टा नसतो, मागे टाचेवर वेलक्रोचा तुकडा चिकटवायचा असतो. हा गोंद खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने सुटतो, म्हणून तो तुकडा बूट शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घ्यावा. खडकांवर कालवांच्या शिंपल्यांची धार असते आणि पातळ कापड तिच्यापुढे टिकत नाही. तिथे पाय जपूनच टाकावा. घरी आल्यावर गेटर्स गोड्या पाण्यात धुवावेत, नाहीतर मिठाने इलॅस्टिक कडक होते.

प्रश्न : मला मधुमेह आहे आणि पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत. गेटर्स घालावेत का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांनी परवानगी दिली, तर इलॅस्टिकऐवजी वेलक्रोने सैल-घट्ट करता येणारा गेटर घ्यावा. वरच्या कडेखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत आणि काढल्यावर त्वचेवर खोल वळ दिसता कामा नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे दुखत नाही म्हणजे सर्व ठीक आहे असे समजू नये. फिरून आल्यावर तळवे आणि बोटांमधली जागा रोज उजेडात पाहावी.

प्रश्न : आमच्या गावात गेटर्स मिळत नाहीत. मी शिवणकाम करते. घरी शिवता येतील का? (एक वाचक, लांजा)

उत्तर : अवश्य येतील, आणि विकतच्यापेक्षा ते तुमच्या पायाला अधिक चांगले बसतील. फाटलेल्या तंबूचे, जुन्या छत्रीचे किंवा विंडचीटरचे नायलॉन यासाठी उत्तम. रेनकोटचे रबरी कापड घेऊ नये, त्यात घाम साचतो. ज्या विजारीवर गेटर घालणार ती विजार आणि बूट घालून तीन मापे घ्यावीत. पोटरीचा सर्वांत रुंद घेर, घोट्याचा घेर, आणि नाडी बांधलेल्या बुटाचा टाचेपासून नाडीच्या सर्वांत खालच्या पेडापर्यंतचा घेर. उंची बुटाच्या टाचेच्या वरच्या कडेखाली चार बोटांपासून पोटरीच्या मध्यापर्यंत धरावी. प्रत्येक घेरात पुढच्या वेलक्रोसाठी पाच सेंटिमीटर आणि शिलाईसाठी दोन सेंटिमीटर जादा ठेवावेत.

कापड घोट्याशी अरुंद आणि खाली-वर रुंद असे बेतावे. मागे टाचेवर उभी चुणी घेतली की ते बुटावर नीट बसते. वरच्या कडेत दुमड घालून दोन सेंटिमीटर रुंदीचे इलॅस्टिक ओवावे, मात्र ते घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच कमी असावे. पुढे वेलक्रोची मऊ बाजू पायाकडच्या थरावर आणि खरखरीत बाजू वरच्या झडपेच्या आत लावावी, म्हणजे झडप मिटल्यावर खरखरीत बाजू गवताला उघडी राहत नाही. झडपेची कड पायाच्या बाहेरच्या बाजूला वळवावी. डावा आणि उजवा गेटर त्यामुळे एकमेकांच्या उलट बेतावे लागतील. खालच्या कडेला पुढे मध्यभागी परकराला किंवा विजारीला लावतात तसा मोठा, चपटा धातूचा हूक दोनदा शिवून पक्का करावा. हा हूक नाडीच्या सर्वांत खालच्या पेडात अडकवायचा असतो.

तळव्याखालचा पट्टा कापडाला कायमचा शिवू नये. दोन्ही बाजूंना दाट टाके घालून काजे करावीत किंवा आयलेट ठोकून घ्यावीत आणि त्यांतून नायलॉनची दोरी ओवून गाठ मारावी, म्हणजे झिजल्यावर ती काही रुपयांत बदलता येते. नायलॉनच्या कापलेल्या कडा उसवतात, म्हणून त्या मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन फिरवून वितळवून घ्याव्यात. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि मुले जवळ नसताना करावे. पहिली जोडी पूर्ण शिवण्यापूर्वी कच्चे टाके घालून बुटावर चढवावी, अंगणात चालावे, उकिडवे बसावे आणि दोन-चार पायऱ्या चढून पाहाव्यात. गुडघा वाकवताना वरची कड खाली घसरत असेल तर इलॅस्टिक एक सेंटिमीटर आत घ्यावे, आणि हूक नाडीतून सुटत असेल तर कापड पुढून आखूड पडले आहे असे समजून खालची दुमड थोडी सोडावी.